हलक्या हाताने म्हणजे नेमकं किती हलक्या?

पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणारी 29 वर्षांची, दुसऱ्यांदा प्रेग्नंट, 26वा आठवडा चालू. महिनाभर कंबरेच्या खाली डाव्या बाजूला दुखतंय, कूस बदलताना आणि जिना चढताना अशी कळ निघते की डोळ्यात पाणी येतं. डॉक्टर म्हणाल्या "होतं असं, डिलिव्हरी झाली की जाईल". नणंदेला तिच्या वेळी कायरोप्रॅक्टरकडे (म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) जाऊन आराम पडला होता म्हणून ही पण एकदा जाऊन आली. तिथे पाच मिनिटं तपासून सांगितलं की पेल्व्हिस (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) वाकडं झालंय, सरळ करावं लागेल, आणि हातात फॅमिली पॅकेज ठेवलं. 24 व्हिजिट्स, त्यात ही, हिचा नवरा, 4 वर्षांचा मुलगा, आणि जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात नवीन बाळसुद्धा. पैसे आधी भरायचे, ऑफर रविवारपर्यंत, आणि हिची डॉक्टरांकडची पुढची तपासणी बुधवारी. नवरा एका पायावर तयार कारण त्याची मान सारखी आखडते आणि तो रात्री मान-पाठ मोडतानाचे ते कडकड आवाजाचे व्हिडिओ बघत बसतो. सासूबाई म्हणतात पोटुशी बाईच्या अंगाला परक्याने हात लावायचाच नाही. नणंद म्हणते तिथल्या वेबस्टर टेक्निकने बाळाचं डोकं खाली येतं, ते खरं का हेही हिने विचारलंय. "ताई, ते म्हणतात एकदम जेंटल टेक्निक आहे, काही होत नाही. मग माझं मन का तयार होत नाही? मी उगाच घाबरतेय का?"

ताई म्हणालीस म्हणून मीही अगं-तुगंच करते हं, चालेल ना. आणि आधीच सांगते की मी डॉक्टर नाही, या विषयावर वाचलंय भरपूर, आणि कंबर स्वतःचीही दुखलीये.

उगाच घाबरत नाहीयेस. पण तू चार वेगवेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरून मला पाठवलेस, आणि ती पिशवी तू नाही बांधलीस, त्या पॅकेजवाल्यांनी बांधून दिलीये. तुझी कंबर हा एक प्रश्न. नवऱ्याची मान हा दुसरा, मुलगा तिसरा आणि अजून जन्माला न आलेलं बाळ हा चौथा. चौघांची उत्तरं वेगळी आहेत, निदान माझ्या मते तरी. चौघांसाठी मिळून एकच हो किंवा नाही म्हणायला गेलीस तर मन तयार होणारच नाही, कारण त्यातल्या एका गोष्टीला तुझं मन हो म्हणतंय आणि बाकीच्या तिघांना नाही.

आधी तुझी कंबर. "होतं असं" हे खरं आहे, गरोदरपणात साधारण निम्म्या बायकांची कंबर किंवा ओटीपोटाची हाडं दुखतात. पण होतं म्हणजे सोसायलाच हवं असं कुठे लिहिलंय? तू जे वर्णन केलंस ना, एका बाजूला, कंबरेच्या खाली, कूस बदलताना, जिना चढताना, म्हणजे एका पायावर भार आला की कळ, त्याला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात आणि हे नाव डॉक्टरांसमोर घेच. नुसतं "कंबर दुखते" म्हटलं की "होतं असं" हेच उत्तर येतं. "पेल्व्हिक गर्डल पेन असेल का, मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवता का" असं विचारलं की त्यांनाही थांबून बघावं लागतं.

होतं काय की आपल्या पेल्व्हिसला मागे दोन सांधे आणि पुढे एक. गरोदरपणात रिलॅक्सिन वगैरे हार्मोन्समुळे लिगामेंट्स (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) थोडी सैल होतात, पोट पुढे वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो, कंबरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणले गेल्याने त्यांचा आधार कमी होतो. मग सगळा भार त्या सांध्यांवर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर, ते बिचारे आखडून बसतात. दुसऱ्या खेपेला हे जास्त जाणवतं कारण आता कडेवर 4 वर्षांचा मुलगा पण असतो (आणि तू पत्रात लिहिलं नाहीस पण उचलतेसच ना त्याला, त्याच बाजूला?).

आता ते "वाकडं झालंय, सरळ करू". इथे मला जरा थांबायचंय. मागचे हे सांधे हलतात ते अगदी थोडे, काही मिलिमीटर. मोठा अपघात झाल्याशिवाय ते जागचे सुटत नाहीत, आणि हाताने दाबून पाच मिनिटांत कोण किती मिलिमीटर वाकडं हे ओळखणं, यात दोन तपासणाऱ्यांचं एकमत होणंसुद्धा कठीण असतं. म्हणजे तुझं दुखणं खोटं नाही, दुखण्याची गोष्ट चुकीची सांगितलीये. आणि हे महत्त्वाचं का, तर "वाकडं" ऐकल्यावर आपण लाकडी खुर्चीसारखा विचार करायला लागतो, पाय निखळलाय, सुतार बोलवा, परत निखळेल, परत बोलवा. 24 व्हिजिट्स तिथून येतात.

तो आवाज पण तसाच. कडक् झालं की लोकांना वाटतं हाड जागेवर बसलं. 2015 मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी बोटांचे सांधे ओढून एमआरआयमध्ये बघितलं, तर सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम वेगळे होताना आतल्या द्रवात पोकळी तयार होते, आवाज त्याच क्षणी येतो. बोटं मोडल्यावर लगेच परत मोडत नाहीत, साधारण वीस मिनिटं जावी लागतात, ते यामुळेच. हाड कुठेही गेलेलं नसतं न् आलेलंही नसतं. म्हणून ज्या जेंटल पद्धतीत आवाजच येत नाही ती कमी गुणाची असंही नाही.

या सगळ्याचा उगम जरा मजेशीर आहे. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या माणसाने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा कमी झाला, असा दावा केला. पुढे पामरने थेट लिहिलं की 95 टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. त्या सरकण्याला ते सबलक्सेशन म्हणतात, तुला पण हा शब्द तिथे ऐकवला असेल. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर लोकांची नोंदणी करणारी जी जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे, म्हणजे या पेशावर देखरेख करणारीच संस्था, तिने 2010 मध्ये सांगून टाकलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि सबलक्सेशनमुळे आजार होतो असा दावा करण्यापुरता पुरावा नाही. म्हणजे या पेशातही दोन प्रकारचे लोक आहेत. एक स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यापुरतं काम करणारे, व्यायाम पण देणारे, आणि दुसरे इम्युनिटीपासून झोपेपर्यंत सगळं मणक्यातून सरळ करायला निघालेले. तुला पहिल्या प्रकारचा सापडला तर मी नको म्हणणार नाही.

कारण कंबरदुखीत एकंदरीत अशा उपचाराने थोडाफार आराम पडतो हे खरं आहे. व्यायाम किंवा फिजिओथेरपीने जेवढा पडतो साधारण तेवढाच, चमत्कार नाही. गरोदर बायकांवरचे अभ्यास लहान आहेत, त्यात काहींना बरं वाटलेलं दिसतं आणि गंभीर इजा क्वचितच नोंदवलेल्या आहेत. तुझ्या नणंदेला बरं वाटलं ते नाटक नव्हतं गं, तिला सांगताना हे विसरू नकोस.

"जेंटल" हा शब्द मात्र सैल आहे, तो किती जोर लावतात एवढंच सांगतो, काय करतायत आणि का करतायत ते नाही सांगत. म्हणून विचारायचं, नेमकी कोणती पद्धत? काही ठिकाणी ड्रॉप टेबल असतं, टेबलाचा एक तुकडा किंचित वर उचललेला, हलका दाब दिला की तो खट्कन खाली पडतो, त्यामुळे हाताचा जोर कमी लागतो. अ‍ॅक्टिव्हेटर म्हणजे पेनासारखं स्प्रिंगचं छोटं यंत्र, टिक् करून एका जागी टोचल्यासारखा ठोका देतं. कोणी पेल्व्हिसखाली पाचरीच्या आकाराचे ब्लॉक ठेवून काही मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. आणि काही जण खरं तर फक्त आखडलेल्या स्नायूवर बोटाने दाब धरून ठेवतात, तो मालीशचाच भाऊ. यातलं काहीही तुझ्यासाठी विचार करण्यासारखं आहे. कंबर जोरात पिळून दिलेला झटका, पोटावर कुठलाही दाब, कडक टेबलवर पालथं झोपवणं, आणि "बघायला म्हणून" एक्स-रे, हे चार नकोच. उताणं पण फार वेळ नाही. 20 आठवड्यांनंतर गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर पडतं आणि चक्कर येते, मळमळतं, तसं झालं तर लाजायचं नाही, लगेच डाव्या कुशीवर वळायचं. चांगल्या ठिकाणी कुशीवर झोपवून काम करतात किंवा पोटासाठी खाच असलेलं टेबल असतं.

वेबस्टर टेक्निकबद्दल तू विचारलंस, नणंद म्हणते त्याने बाळाचं डोकं खाली येतं. अमेरिकेतल्या लॅरी वेबस्टर नावाच्या कायरोप्रॅक्टरच्या नावाची ती पद्धत, त्यात मागचं त्रिकास्थी (कण्याच्या खालच्या टोकाचं मोठं हाड) आणि जांघेकडचं, गर्भाशयाला आधार देणारं राउंड लिगामेंट यांचा ताण कमी करायचा प्रयत्न असतो. जांघेतला ताण कमी झाल्यासारखा वाटू शकतो, पण बाळ वळतं याचा भरवशाचा पुरावा नाही. मुळात 26व्या आठवड्यात कितीतरी बाळं पायाळू स्थितीतच असतात, आपोआप फिरतात, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. आता सांग, 30व्या आठवड्याला टेक्निक केलं आणि 33व्याला बाळ वळलं, तर श्रेय कुणाला? आणि नाहीच वळलं तर 36-37व्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर हॉस्पिटलमध्ये बाहेरून हाताने बाळ फिरवायचा प्रयत्न करतात, साधारण निम्म्या वेळा जमतं, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून करतात. तो पर्याय वेळेवर विचारायचा राहू नये एवढं बघ.

एक गोष्ट ठामपणे. खालचं काहीही असेल तर कायरोप्रॅक्टर, मालीशवाली, फिजिओ कुणाकडेच नाही जायचं, सरळ डॉक्टर किंवा हॉस्पिटल: रक्त किंवा पाणी जाणं, ठराविक वेळाने येऊन जाणारी कंबरेतली कळ (ती बाळंतपणाची वेळेआधीची कळ असू शकते, बऱ्याचदा ती कंबरेतच सुरू होते), बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप किंवा लघवीला जळजळ आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, पायातली ताकद जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. हे फ्रिजवर लावून ठेव आणि नवऱ्यालाही पाठ करायला सांग.

मी तुझ्या जागी असते तर आधी काय केलं असतं? पुढच्या तपासणीत ते नाव घेऊन फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मागितली असती आणि पेल्व्हिक बेल्ट वापरू का विचारलं असतं, योग्य जागी बांधला तर चालताना फरक पडतो काहींना. आजपासून घरी करण्यासारखं तर बरंच आहे. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, आधी गुडघे न् मग अंग असं एकदम वळायचं, मधे उशी ठेवलीस तर अजून बरं. गाडीत बसताना आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सलवार किंवा पॅन्ट बसून घालायची, एका पायावर उभं राहून नाही, ही एवढीशी गोष्ट, पण एका पायावर अख्खा भार गेला की तर हे दुखणं उसळतं. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत, नुकतंच चालायला लागलेल्या मुलासारखं वाटेल, वाटू दे. मुलाला कडेवर घेणं बंद, त्याला खुर्चीवर चढायला सांगून मिठी मारायची. चालणं छोट्या पावलांनी आणि थोडं थोडं. हातापायांवर रांगतं होऊन पाठ हळू वर-खाली करणं बऱ्याच जणींना बरं वाटतं, पाण्यातला व्यायाम मिळत असेल तर त्याहून छान. शेक कोमट, गरम गरम नाही. आणि गोळी स्वतःच्या मनाने नको, आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये 20 आठवड्यांनंतर टाळा म्हणून सांगितलंय, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. दुखण्यावरचं मलम पण विचारूनच, त्यात बऱ्याचदा त्याच जातीचं औषध असतं.

हे दोन-तीन आठवडे करून बघ. तरी जायचं असेल तर जा, डॉक्टरांना सांगून जा. पण एकटीच्या कंबरेसाठी जा, आणि तीन-चार व्हिजिट्स एवढंच ठरवून. त्या आधी स्वतःची एक चाचणी ठरव, म्हणजे "रात्री किती वेळा कळेने जाग येते", ते लिहून ठेव. चार व्हिजिट्सनंतर आकडा तोच असेल तर थांबायचं. टेबलवर अंग मोकळं वाटतं, त्याला मोजू नको, ते मलाही वाटलं होतं, मान मोडून घेतल्यावर दोन दिवस हवेत होते आणि तिसऱ्या दिवशी मान जिथल्या तिथे. तिथल्या माणसाला विचार की शिक्षण कुठे आणि किती वर्षं, गरोदर बायकांसाठी वेगळं काय शिकलात, आणि काय झालं तर तुम्ही मला परत डॉक्टरकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळलं तर उठून ये. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पूर्ण कायरोप्रॅक्टिक शिक्षणासाठी किमान 4200 तास धरलेत, त्यातले किमान 1000 तास देखरेखीखाली पेशंट बघण्याचे. म्हणजे शनिवार-रविवारचा कोर्स करून सर्टिफिकेट लावणारा वेगळा न् हा वेगळा. जिथे या पेशाची कायद्याने नोंदणी होते तिथे नाव यादीत बघता येतं, जिथे होत नाही तिथे तर हे प्रश्न विचारण्यावाचून इलाज नाही.

नवऱ्याच्या मानेचं मला तुझ्या कंबरेपेक्षा जास्त वाटतं खरं तर. मान झटक्याने फिरवण्यात मेंदूकडे रक्त नेणारी मणक्यांतली धमनी फाटण्याचा आणि त्यातून स्ट्रोकचा धोका सांगितला जातो, क्वचित होतं पण होतं तेव्हा तिशी-चाळिशीतल्या माणसांना होतं. आणि गोची अशी की धमनी आधीच थोडी फाटलेली असेल तर सुरुवात मानदुखीनेच होते, म्हणजे माणूस मान मोडून घ्यायला जातो तोच त्या दुखण्यामुळे. त्याला सांग की स्क्रीनची उंची, उशी, आणि मानेचे-खांद्याचे व्यायाम सहा आठवडे इमानदारीत कर, मग बोलू. जायचंच असेल तर झटका नको हे आधी सांगून जा. अचानक वेगळीच मानदुखी-डोकेदुखी, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, चेहऱ्याची एक बाजू सुन्न, असं काही झालं तर वाट न बघता इमर्जन्सीत. व्हिडिओंमधला आवाज एवढा घुमतो तो मानेवर माईक लावल्यामुळे, हे पण सांग त्याला, थोडी मजा जाईल.

मुलाचं काय दुखतंय? पत्रात काहीच नाही. मग उत्तर संपलं. ज्या पोराला तक्रार नाही त्याच्या पाठीचा "चेकअप" दर महिन्याला करायची गरज नाही, आणि त्याने सर्दी-खोकला कमी होतो, उंची वाढते, अभ्यासात लक्ष लागतं, यातल्या कशालाच आधार नाही.

आणि बाळ. इथे माझं उत्तर सरळसरळ "नाही" असं आहे. जन्माच्या वेळी मानेवर ताण येतो म्हणून पहिल्या आठवड्यात दाखवा, हे वाक्य नव्या आईच्या भीतीवर नेमकं बोट ठेवतं, म्हणून मला त्याचा रागच येतो. ऑस्ट्रेलियात एका कायरोप्रॅक्टरने अगदी तान्ह्या बाळावर उपचार करतानाचा व्हिडिओ पसरला आणि एवढा गदारोळ झाला की 2019 मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने 2 वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर मॅनिप्युलेशन (म्हणजे झटका देऊन हलवणं) करू नका म्हणून सांगितलं. मधे 2023 मध्ये तो नियम सैल केला, त्यावर तिथले आरोग्यमंत्री भडकले आणि 2024 मध्ये बंदी परत आली. व्हिक्टोरिया राज्याने यावर जो आढावा घेतला त्यात बाळांना फायदा होतो याचा पुरावा अगदीच कमकुवत निघाला. बाळ रडतं, पोट धरून पाय आखडतं, ते रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. सहाव्या आठवड्यात वैतागून कुणाकडेही नेलं तरी आठव्या-दहाव्यापर्यंत फरक दिसणारच ना. बाळ कायम एकाच बाजूला मान वळवतंय, एका बाजूने दूध नीट ओढत नाही असं वाटलं तर ते खरंच दाखवण्यासारखं आहे, पण लहान मुलांच्या डॉक्टरांना. ते तपासून फिजिओकडे पाठवतात, आणि तिथे मुख्य काम म्हणजे बाळाला कसं धरायचं, कसं झोपवायचं, जागं असताना पोटावर कसं ठेवायचं हे तुलाच शिकवतात.

सासूबाईंचं राहिलं. त्या सावध आहेत ते चांगलंच आहे, पण अंगाला हात लावण्याने काही होत नाही, हलक्या हाताने कंबर चोळून देण्याने तर नाहीच नाही. त्यांच्याशी वाद घालायच्या ऐवजी त्यांनाच पुढच्या तपासणीला सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. नणंदेला म्हण, तुला बरं वाटलं म्हणूनच मी जाऊन बघितलं, मी आधी फिजिओ करून बघते. नवऱ्याला जरा वेगळं सांगावं लागेल, कारण त्याला वाटतंय तो सगळ्यांची काळजी घेतोय. त्याला म्हण की मला आत्ता काळजी हवी असेल तर रोज संध्याकाळी मुलाला वर-खाली तू उचल, आणि रात्री कूस बदलायला मला हात दे. हे पॅकेजमध्ये नाहीये.

ऑफर रविवारी संपतेय म्हणालीस. संपू दे, तुझी तपासणी बुधवारी आहे ना.